मूळव्याधीच्या पाटीआड

पक्षाच्या साप्ताहिकात मूळव्याधीविषयी लेख यावा, याचे काही साथींना आश्चर्य वाटेल. काहींना हसूही येईल. वेतन, जमीन, पाणी, महागाई, जातिनिर्मूलन हे आपले प्रश्न आणि शौचाच्या जागी पडणारे रक्त हा डॉक्टरांचा प्रश्न, अशी वाटणी आपण फार पूर्वीपासून करून ठेवली आहे. या वाटणीविरुद्धच आम्हांस लिहावयाचे आहे. ज्या दुखण्याविषयी माणूस बायकोपाशी बोलत नाही, युनियनच्या कचेरीत बोलत नाही आणि डॉक्टरांपुढेही अर्धेमुर्धेच बोलतो, त्या दुखण्याचा बाजार मांडणे सर्वांत सोपे असते. कष्टकऱ्याच्या लाजेवर कोणाचा तरी गल्ला भरत असेल आणि त्या लाजेपायी त्याचा जीव जात असेल, तर हा राजकीय प्रश्न नाही असे म्हणण्याचा अधिकार समाजवाद्यांना उरत नाही.

आमच्या एका जुन्या साथीची हकीकत प्रथम सांगतो. नाव सांगत नाही. त्याच्या घरच्यांना ते रुचणार नाही. बाजार समितीच्या आवारात पोती वाहणारा हा हमाल वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, शौचाच्या वेळी रक्त जाते म्हणून एका दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी खुर्चीवरून न उठता दोन प्रश्न विचारले, ''मूळव्याध आहे, तिखट बंद करा'' असे सांगितले आणि मलम व रेचक लिहून दिले. चार महिन्यांनीही रक्त थांबेना, तेव्हा तो 'बिनऑपरेशन, खात्रीशीर इलाज' अशी पाटी लावलेल्या एका खोलीत गेला. तेथे त्याच्याकडून दोन महिन्यांची हमाली आगाऊ घेण्यात आली. नंतर कोणा नातेवाइकाने झाडपाल्याचे औषध आणून दिले. असे चौदा महिने गेले. या काळात तिघांनी त्याच्यावर उपचार केले. परंतु तिघांपैकी एकानेही त्याला कुशीवर निजवून हातात मोजा चढविला नाही. अखेर पोट फुगले, शौचास होईना, तेव्हा त्याला सरकारी रुग्णालयात नेले. तेथील एका शिकाऊ डॉक्टर मुलीने त्याला तपासले आणि विचारले, ''काका, याआधी कोणी बोटानं तपासलं होतं का?'' तो म्हणाला, ''नाही ताई.'' तिच्या बोटाला जी कठीण, खडबडीत गाठ लागली होती, ती गुदाशयाच्या कर्करोगाची होती. अर्ध्या मिनिटाची ती तपासणी होती. पोटावर शौचाची पिशवी, किरणोपचार, औषधोपचार, कर्ज हे सर्व त्यानंतर यथाक्रम आले. दीड वर्षाने आम्ही त्याच्या अंत्ययात्रेला गेलो.

एका माणसाचे दुर्दैव म्हणून ही हकीकत बाजूला ठेवता आली असती तर हा लेख लिहिलाच नसता. ज्या साथीला ती सांगितली, त्यांपैकी अनेकांना आपल्या चाळीतील, आळीतील, डेपोतील असाच कोणी आठवला. यास्तव या प्रश्नाचा नीट विचार करणे अवश्य आहे. मूळव्याध आणि गुदाशयाचा कर्करोग यांतील भेद कोणता, तो कोणी आणि कसा ओळखावयाचा, आणि तो ओळखला का जात नाही?

दोन रोग, एक लक्षण

मूळव्याध म्हणजे काय? गुदद्वाराच्या आतील बाजूस रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. जुनाट बद्धकोष्ठ, कुंथणे, गरोदरपण अशा कारणांनी त्या फुगतात, खाली सरकतात आणि कधी कधी बाहेर येतात. यालाच आपल्याकडे कोंब किंवा मोड म्हणतात. आतल्या मूळव्याधीचे रक्त बहुधा लालभडक असते, शौच झाल्यावर थेंबथेंब किंवा पिचकारीसारखे पडते, विष्ठेत न मिसळता वरून लागलेले असते, आणि सहसा दुखत नाही. बाहेरच्या कोंबात रक्त गोठले तर मात्र ठणका लागतो. शौचाच्या वेळी सुरीने कापावे तशी वेदना होत असेल तर ती बहुधा गुदद्वाराची चीर, म्हणजे डॉक्टर ज्याला फिशर म्हणतात ती व्याधी असते. भगंदर हा आणखी वेगळा विकार. परंतु लोकव्यवहारात या सर्वांना मिळून 'मूळव्याध' हा एकच शब्द आहे. घोटाळ्याची सुरुवात येथूनच होते. त्या जागी जे जे होईल ते ते मूळव्याध, अशी रुग्णाची समजूत असते आणि डॉक्टरही पुष्कळदा तिलाच मान डोलावतात.

गुदाशयाचा कर्करोग ही निराळी गोष्ट आहे. आतड्याच्या अस्तरावर पुष्कळदा आधी एक लहानसा मांसांकुर उगवतो. काही वर्षांनी त्यातील पेशी बेबंद वाढू लागतात. यातही रक्तच पडते. ते बऱ्याचदा विष्ठेत मिसळलेले, काळपट, आवेच्या शेंबडासह येते. शौचाची जुनी सवय मोडते. कधी बद्धकोष्ठ, कधी वारंवार जावे लागणे. जोराची भावना होते, बसल्यावर नुसते रक्त आणि शेंबूड पडतो, उठल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. मल बारीक होतो. वजन उतरते, भूक मंदावते, चेहरा पांढुरका पडतो, जिना चढताना दम लागतो. आणि एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावी: प्रारंभी हा रोग बहुधा दुखत नाही. 'दुखत नाही, म्हणजे साधेच असणार' हे आपल्याकडचे शहाणपण येथे नेमके उलटे पडते.

लक्षणांची ही यादी वाचून कोणी घरबसल्या निदान करू लागेल, तर त्याने आमचे म्हणणे अर्धेच ऐकले. गुदाशय हा आतड्याचा शेवटचा भाग असल्याने तेथील गाठीचे रक्तही ताजे, लालभडक असू शकते. मूळव्याधीचेच वाटावे इतके. शिवाय एकाच माणसाला दोन्ही रोग एकाच वेळी असू शकतात. मूळव्याधीचे रूपांतर कर्करोगात होत नाही, हे खरे आहे आणि ते लोकांना सांगितलेही पाहिजे. कारण त्या भीतीपायी कित्येक जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. परंतु कोंब सापडले म्हणून वर गाठ नाही, असे मुळीच सिद्ध होत नाही. रक्ताचा रंग ऐकून केलेले निदान हा निव्वळ अंदाज असतो. गरिबाच्या आयुष्यावर असा अंदाज बांधण्याची मुभा कोणालाही नाही.

मग भेद ओळखावयाचा कसा? त्याची रीत वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकविली जाते. आधी नीट विचारपूस, मग बाहेरून पाहणे, मग मोजा घातलेल्या बोटाने आतून तपासणे, मग प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी घालून प्रत्यक्ष पाहणे. बोटाच्या तपासणीविषयी एक गैरसमज आहे. आतली मूळव्याध मऊ असते, ती बोटाला बहुधा लागतच नाही. बोट घालावयाचे ते मुख्यतः गाठ शोधण्यासाठी. बोट सुमारे सात-आठ सेंटिमीटरपर्यंत पोचते आणि गुदाशयाच्या खालच्या भागातील पुष्कळ कर्करोग त्याच्या टप्प्यात येतात. जे त्याहून वर असतात ते बोटाला सापडत नाहीत. म्हणून बोटाला काही लागले नाही एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. वय चाळिशीपुढचे असेल, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, रक्ताबरोबर वर सांगितलेली इतर लक्षणे असतील, किंवा उपचार करूनही काही आठवड्यांत रक्त थांबत नसेल, तर दुर्बीण घालून आतडे पाहिलेच पाहिजे आणि संशयास्पद भागाचा तुकडा काढून तपासलाच पाहिजे. तरुण वय ही येथे ढाल नव्हे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांचा जो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे होते. एका रुग्णालयाचा आकडा साऱ्या देशाला लागू होत नाही, हे मान्य. तरी 'हा म्हाताऱ्यांचा रोग' ही समजूत पुसून टाकण्यास तो पुरेसा आहे.

भिंतीवरची पाटी

आता बाजाराकडे वळू. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी एस.टी.तून उतरा. स्थानकाच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, मुतारीच्या दारावर तुम्हांला मूळव्याध-भगंदराच्या पाट्या दिसतील. 'एका इंजेक्शनात आराम', 'बिनऑपरेशन', 'गॅरंटीने'. पाटीखाली नाव असते, पदवी असतेच असे नाही. मध्यमवर्गीय वाचकाने या पाट्यांना नाक मुरडून स्वतःला शहाणे समजू नये. त्याच्यासाठी निराळी पाटी आहे. ती त्याच्या हातातील मोबाइलवर झळकते. तेथे वातानुकूलित खोली आहे, लेसर आहे, सुलभ हप्ते आहेत आणि त्याच दिवशी घरी सोडण्याचे आश्वासन आहे. दर निराळे असले तरी व्यवहाराचा आराखडा एकच आहे. रोगाचे नाव रुग्णाने स्वतःच ठरवून यावयाचे आणि दुकानदाराने त्या नावाचा माल विकावयाचा. निदान या गोष्टीला त्या व्यवहारात जागाच नाही, कारण निदानात नफा नाही. तपासून 'तुमचे दुखणे माझ्या कक्षेतले नाही, मोठ्या रुग्णालयात जा' असे सांगणारा गिऱ्हाईक गमावतो.

कायदा काय म्हणतो? औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ साली संसदेने कायदा केला. ज्या रोगांच्या इलाजाची जाहिरात करण्यास त्याने मनाई केली, त्यांच्या यादीत कर्करोग आहे. परंतु पाटीवाला कर्करोगाचे नाव घेतो कोठे? तो मूळव्याधच म्हणतो. कर्करोगाचा रुग्ण त्याच्या दारात स्वतःच्या पायांनी येतो, कारण आपल्याला मूळव्याधच आहे असे त्यालाही वाटत असते. कायद्याने पुढचे दार बंद केले आणि मागचे सताड उघडे राहिले. त्या दाराने आत गेलेल्या माणसाचे सहा महिने, वर्ष, दीड वर्ष तेथेच खर्ची पडते, आणि या रोगात काळ हाच सर्वांत मोठा वैरी असतो. आतड्याच्या अस्तरापुरता मर्यादित असलेला कर्करोग शस्त्रक्रियेने बहुसंख्य रुग्णांत बरा होऊ शकतो. तोच यकृतात, फुप्फुसात पसरल्यावर बरे होण्याची आशा फार थोड्यांना उरते. गाठ खाली आणि वाढलेली असेल तर गुदद्वारच काढून टाकावे लागते आणि जन्मभर पोटावर पिशवी बांधावी लागते. पोती वाहणाऱ्या किंवा शेतात ओणवे होऊन राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्या पिशवीचा अर्थ रोजगार जाणे असाही होतो.

येथे काही मित्र आम्हांस विचारतील, की हा आयुर्वेदावर हल्ला आहे काय? मुळीच नाही. सुश्रुताने अर्शाची गणना आठ महागदांत, म्हणजे बरे होण्यास महाकठीण अशा रोगांत केली आहे. आणि अर्श पाहण्यासाठी गाईच्या सडाच्या आकाराचे अर्शोयंत्र वर्णिले आहे. म्हणजे पाहिल्यावाचून हात लावावयाचा नाही, हा दंडक आपल्याच परंपरेत दोन सहस्र वर्षांचा आहे. भगंदरावरील क्षारसूत्राचा उपचार आजही शिकविला जातो आणि त्याचा उपयोग होतो. खेड्यापाड्यांतील आयुर्वेदाचे पदवीधर हेच पुष्कळ गावांचे एकमेव डॉक्टर आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. सुश्रुताचे नाव पाटीवर लिहून त्याचे यंत्र मात्र फेकून देणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. आणि ज्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी खुर्चीवरून न उठता मलम लिहून दिले, ते आमच्या लेखी पाटीवाल्याहून अधिक दोषी आहेत; कारण काय करावयास हवे होते, हे त्यांना ठाऊक होते.

योजना शस्त्रक्रियेच्या दारात भेटते

डॉक्टरांना दोष देऊन शासनाला मोकळे सोडणे सोपे आहे. म्हणूनच ते आम्ही करणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राचा बाह्यरुग्ण विभाग डोळ्यांपुढे आणा. एक डॉक्टर, दाराबाहेर लांबच लांब रांग. तपासणीचे टेबल असते. त्यावर औषधांची खोकी रचलेली असतात. पडदा असतो किंवा नसतो. स्त्रीरुग्ण असेल तर सोबत उभी राहावयास परिचारिका मोकळी नसते. अशा जागी, इतर रुग्णांच्या देखत, कोणता माणूस तपासणीस राजी होईल? आणि नंतर हेच लोक म्हणतात की 'रुग्णच तपासू देत नाहीत'. पडदा लावा, दार लावा, आपण काय करणार आहोत ते दोन वाक्यांत सांगा, आणि मग किती जण नकार देतात ते पाहा. रुग्णाच्या लाजेचे निमित्त फार वेळा व्यवस्थेची गैरसोय झाकण्यासाठी वापरले जाते.

असंसर्गजन्य रोगांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्यात तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी तपासणी अभिप्रेत आहे. आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाला त्यात स्थान नाही. राज्यात महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती वेगळ्या नावाने सुरू झाली, आणि तिच्यामुळे अनेक गरिबांच्या शस्त्रक्रिया झाल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या योजनेची रचनाच अशी आहे की ती रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला भेटते. ज्याला अजून रोगाचे नावच कळलेले नाही, ज्याला दुर्बिणीच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी तीन खेपा घालून तीन दिवसांची मजुरी बुडवावयाची आहे, त्याला ती वाटेत भेटत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले, ही चांगली गोष्ट झाली. पण फी माफ झाल्याने दुर्बीण येत नाही, ती चालविणारा माणूस येत नाही आणि एस.टी.चे भाडेही सुटत नाही.

पैसा मोजण्याची आपली रीतही पाहण्याजोगी आहे. हातमोज्याला आणि बोटभर वंगणाला काही रुपये लागतात. तो खर्च टळतो आणि वर्षाने त्याच माणसावर लक्षावधी रुपये खर्च करावे लागतात. ते विमा कंपन्या व खासगी रुग्णालये यांच्या खात्यांतून फिरतात. पहिल्या खर्चात कोणाचा धंदा नाही, दुसऱ्यात आहे. भोर समितीने १९४६ साली सांगितले होते की ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, आणि सेवेचा पाया गावात असावा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारांचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. ती मुदत उलटली, वचन पुरे झाले नाही. दरम्यान परळला, जुन्या गिरणगावात, १९४१ पासून उभ्या असलेल्या टाटा रुग्णालयाच्या पदपथावर देशभरातून आलेली माणसे पथारी टाकून दिवस काढीत आहेत. त्यांतील कितीतरी जण आपापल्या गावी हातमोज्याच्या अभावी थांबून राहिलेले असतात.

याच महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ साली गाजला. जेथे कापण्याची गरज नव्हती तेथे तरुण बायांची गर्भाशये काढली गेली. या दोन गोष्टी परस्परविरोधी दिसतात. वस्तुतः त्यांचे मूळ एकच आहे. गरिबाच्या शरीराकडे पाहताना, त्यातून पैसा निघतो की नाही, हाच प्रश्न विचारला जातो. निघत असेल तेथे नको असताना सुरी चालते. निघत नसेल तेथे हवे असताना बोटही उचलले जात नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने भारतात या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे. बहुसंख्यांना खरोखरच मूळव्याध किंवा चीर असते. मग लोकांना उगाच भिववावयाचे कशाला? आक्षेपातील पहिली दोन विधाने बरोबर आहेत. म्हणूनच, अमेरिकेत २०२१ मध्ये निरोगी माणसांच्या तपासणीचे वय पन्नासावरून पंचेचाळिसावर आणले गेले, तसे येथे सरसकट करा, अशी आमची मागणी नाही. आपल्याकडील साधनसामग्री पाहता ती मागणी आज शहाणपणाची ठरणार नाही. आमची मागणी फार लहान आहे. ज्याला रक्त पडते आहे आणि जो आपण होऊन दारात आला आहे, त्याला तपासा. दहांपैकी नऊ जणांना तपासून 'कर्करोग नाही' असे सांगता आले, तर तेही निदानच आहे. त्यांची भीती गेली आणि योग्य उपचार सुरू झाला. भीती न तपासल्याने वाढते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक रक्तस्रावाला दुर्बीण घालू लागलो तर खासगी रुग्णालयांना आणखी एक कुरण मिळेल, असे काही डॉक्टरमित्र म्हणतात. हा धोका खरा आहे. म्हणूनच बोटाची तपासणी आणि प्रॉक्टोस्कोप या पहिल्या पायरीवर, आणि ती सार्वजनिक दवाखान्यात होण्यावर, आमचा भर आहे. पहिली पायरी शासनाने नीट बांधली, तर दुसरीवर कोणाला पाठवावयाचे हे वैद्यकीय गरजेने ठरेल. पहिली पायरीच नसेल, तर ते जाहिरातीने ठरेल. आज तसेच ठरत आहे.

आपला स्वतःचा दोष

सरकारला आणि डॉक्टरांना दोष दिल्यावर थोडे आपल्याकडे पाहिले पाहिजे. मूळव्याध हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. कोणी बैठकीत अवघडून बसला की हशा पिकतो. आमचा तो हमाल साथी शेवटच्या वर्षात सभेला उभाच राहत असे. आम्हीही त्याला हसलो होतो. एस.टी.चा चालक, रिक्षावाला, यंत्रमागावरचा कामगार, शौचालयाअभावी अंधार पडेपर्यंत पोट दाबून धरणारी बाई, यांच्या बद्धकोष्ठाची कारणे त्यांच्या कामात आणि वस्तीत आहेत. तरीही आपल्या मागण्यांच्या कोणत्याही पत्रकात कामाच्या ठिकाणी शौचास जाण्याइतकी सुटी आणि जागा, ही मागणी शेवटच्या ओळीत असते किंवा नसतेच. स्त्रियांच्या बाबतीत तर दुहेरी अन्याय होतो. चेहरा पांढरा पडला की पाळीचे कारण पुढे येते, लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. रक्त पडते म्हटले की बाळंतपणानंतरची मूळव्याध ठरते. रक्त नेमके कोठून जाते आहे, हे कोणी पाहत नाही.

आणि घाणीविषयी बोलण्याची लाज समाजवाद्यांनी कोठून आणली? गाडगेबाबांनी खराटा हाती घेऊन आधी गावाची घाण झाडली, मग कीर्तन केले. आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांना आसरा मिळतो, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात, आपणांस सफाईचे काम करू द्यावे म्हणून अन्न कमी केले, आणि येरवड्याहून गांधीजींनी त्यांना उपोषणाने साथ दिली. मलमूत्राचा प्रश्न हा माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, हे ज्यांनी आपल्याला शिकविले, त्यांचे नाव घेणाऱ्यांनी शौचातून पडणाऱ्या रक्ताविषयी कुजबुजत बोलावे, हे शोभत नाही.

काय मागावयाचे, काय करावयाचे

शासनाकडे आमच्या मागण्या अशा आहेत. एक, शौचातून रक्त जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर बोटाची तपासणी केली की नाही, न केल्यास का केली नाही, याची नोंद सक्तीची करावी. दोन, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मोकळे टेबल, पडदा, दिवा, हातमोजे, प्रॉक्टोस्कोप आणि स्त्रीरुग्णासोबत उभी राहणारी सहायिका असावी. तीन, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दुर्बीण व ती वापरणारा प्रशिक्षित डॉक्टर असावा, आणि खालून पाठविलेल्या रुग्णाला पंधरा दिवसांच्या आत तारीख मिळावी. चार, जन आरोग्य योजनेने निदानाचा व त्यासाठीच्या प्रवासाचा खर्च उचलावा, मग निदान कर्करोगाचे निघो वा न निघो. पाच, मूळव्याधीच्या प्रत्येक जाहिरातीवर 'रक्त पडणे म्हणजे मूळव्याधच असे नाही. आधी तपासून घ्या' हे वाक्य ठळक छापणे बंधनकारक करावे, आणि पदवीवाचून दुकान मांडणाऱ्यांवर खटले भरावेत. सहा, ही विचारपूस आशा सेविकांकडे द्यावयाची असेल तर तिचे रास्त वेतनही त्यांना द्यावे. त्यांच्या बिनपगारी कामाच्या यादीत आणखी एक ओळ वाढवू नये.

परंतु मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने, प्रत्येक युनियनने आपल्या एका सभेत अर्धा तास या विषयाला द्यावा. पुरुषांशी पुरुष कार्यकर्त्याने आणि बायकांशी स्त्री कार्यकर्तीने मोकळेपणी बोलावे. ज्याला रक्त जाते त्याला एवढेच विचारावे की डॉक्टरांनी बोटाने तपासले का? उत्तर नाही असे आले, तर त्याच्याबरोबर सरकारी दवाखान्यात जावे, रांगेत उभे राहावे आणि तपासणी मागावी. डॉक्टरांशी उद्धटपणे वागू नये. त्यांच्यावरचा भार आपल्याला ठाऊक आहे. पण तपासणी झाल्यावाचून चिठ्ठी घेऊन परतूही नये. आणि जो साथी हा लेख वाचताना मनात म्हणत असेल की मलाही गेले काही महिने तसेच होते आहे, पण मूळव्याधच असेल, त्याने सोमवारची वाट पाहू नये, उद्याच जावे.

आमच्या त्या साथीच्या शोकसभेत आम्ही त्याच्या लढाऊ वृत्तीविषयी भाषणे केली. तो कोणत्या रोगाने गेला, हे एकाही वक्त्याने सांगितले नाही. आम्हीही सांगितले नाही. त्या सभेत मागील रांगेत बसलेल्या एखाद्या हमालाला त्याच आठवड्यात रक्त पडत असेल, तर आमच्या त्या मौनाने त्याचे नुकसान केले. ते मौन आता सोडले पाहिजे.